घोटभर

दुपार कलली आणि आभाळ कळकट झालं, की भट्टीवालीच्या नवऱ्याचा आवाज चढायचा. खरं तर ते पावसाचे दिवस नव्हते, विटा वाळायचे दिवस होते. पण ढगांना हे कोण सांगणार? घराच्या मागच्या भिंतीपासून ओढ्याच्या काठापर्यंत कच्च्या विटांच्या रांगा पसरलेल्या. एक सर आली असती तरी सगळ्याचा पुन्हा चिखल-गारा झाला असता.

अशा वेळी हात लागतात आणि हात नेमके त्याच वर्षी कमी झाले. दीर आणि जाऊ पलीकडच्या गावच्या मोठ्या भट्टीवर कामाला गेले. मोठं भांडण झालं असंही नाही. साचा कुणी धुवायचा यावरून बोलणं निघालं, साच्यावरून ते म्हाताऱ्या आईच्या जेवणावर गेलं, तिथून लग्नात कुणी काय केलं होतं तिथवर पोचलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघं आपली पोरं आणि दोन फावडी घेऊन चालती झाली.

"फावडी माझी होती," नवरा भेटेल त्याला सांगायचा. भाऊ गेला, असं तो कधी म्हणाला नाही. म्हणायचा ते फावडी गेली असंच.

आता गारा तुडवायला आणि वीट थापायला तो एकटा. थापलेल्या विटा उचलून रांगेत मांडायला भट्टीवाली. दाराशी बसून धाकट्याला सांभाळायला सासू. आणि मांडलेल्या विटांची कूस बदलायला मुलगी. वीट एका अंगावर पडून राहिली तर वरून वाळते, खालून ओली राहते आणि भाजताना फुटते. म्हणून ती अर्धी वाळली की कडेवर उभी करायची, मग दुसऱ्या अंगावर. काम सोपं, पण बोटं हलकी लागतात. नवऱ्याने उलटलेल्या विटेवर त्याची पाचही बोटं उमटायची. भट्टीवालीचे तळवे गाऱ्याने इतके फाटलेले, की ओली वीट त्यांना चिकटायची. मुलीचा हात मात्र विटेला कळायचाही नाही.

मुलीला सगळे मुकी म्हणत. ती मुकी नव्हती. शेळीशी बोलायची, धाकट्याशी बोलायची, एकटी असली की विटांशीही काहीतरी पुटपुटायची. पण मोठ्या माणसाने काही विचारलं, की उत्तर तिच्या तोंडापर्यंत येईतो विचारणारा पुढे निघून गेलेला असायचा. जेवलीस का? जेवली असेल. शेळी बांधलीस का? मीच बघतो. असं करता करता तिला विचारायचंच लोकांनी सोडलं, आणि नाव पडलं मुकी.

तर ही मुकी एकाएकी पाणी प्यायला लागली.

पहिल्यांदा सासूच्या लक्षात आलं. तिने विचारलं, धाकट्याचं झबलं कुठे वाळत घातलंस? मुकी माठापाशी गेली, पेला बुडवला, एक घोट घेतला, गिळला, आणि मग म्हणाली, "शेळीच्या खुंटीवर." सासूला वाटलं, तहान लागली असेल. संध्याकाळी पुन्हा तेच. काहीही विचारा, पोरगी आधी माठाकडे. सासूने निदान केलं की पोटात उष्णता झाली. ओला फडका पोटावर ठेवून झाला, उन्हात जाऊ नको म्हणून सांगून झालं. उन्हात न जाता विटा कशा उलटायच्या, ते सासूने सांगितलं नाही.

मग एक दिवस ढग फारच खाली आले. नवरा रांगांच्या मधून धावत आला आणि ओरडला, "ताडपत्री कुठंय?"

मुकी समोरच होती. ती वळली आणि माठाकडे चालू लागली.

"अगं, ताडपत्री कुठंय म्हणतोय मी!"

तिने पेला बुडवला. घोट घेतला. गिळायच्या आत त्याचा हात तिच्या गालावर पडला आणि तोंडातलं पाणी त्याच्याच पायावर सांडलं. पेला घरंगळत चुलीपर्यंत गेला. ताडपत्री भिंतीमागे होती. भट्टीवालीने ती ओढून आणली, चौघांनी मिळून विटांवर अंथरली, कडांना दगड ठेवले. आणि पाऊस आलाच नाही. ढग नुसते बघून निघून गेले. त्यामुळे नवऱ्याच्या रागाला कुठे उतरायला जागाच राहिली नाही.

"मी जीव तोडून विचारतोय आणि ही पाणी पितेय," तो रात्री जेवताना म्हणाला. "शाळेत हेच शिकवतात वाटतं. तिच्या डोक्यात काही जात नाही आणि जाणारही नाही. उद्या जाऊन नाव काढून ये."

"नाव काढेल हो पोरगी," सासू धाकट्याला भरवता भरवता म्हणाली. तिने अर्धंच ऐकलं होतं.

"शाळेतून नाव काढायचंय, आई."

"असं होय," सासू म्हणाली, आणि पुढचा घास धाकट्याच्या नाकाला लागला.

मुकी भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपली नव्हती. झोपल्यावर तिचे पाय सैल पडत, तसे ते पडलेले नव्हते. भट्टीवालीने ते बघितलं. नवऱ्याचं म्हणणं तिला पटत होतं असं नाही, आणि खोडायला तिच्याकडे काही होतं असंही नाही. जाऊ गेल्यापासून तिची कंबर सरळ होत नव्हती. एक हात कायमचा घरी आला तर तिचंच ओझं हलकं होणार होतं. हा विचार तिच्या मनात आला, आणि आल्याचं तिला आवडलं नाही.

सकाळी नळावर गेली तर तिथे दुसरंच प्रकरण. दुकानदाराची बायको सांगत होती, की तिचा मुलगा हल्ली हिशेब विचारला की आधी पाणी पितो, गिऱ्हाईक ताटकळत उभं. शिवणकाम करणारी म्हणाली, आमची तर पाणी नसलं तर थुंकीच गिळते, पण गिळल्याशिवाय बोलत नाही. शाळेच्या टाकीत काहीतरी पडलंय, यावर सगळ्यांचं एकमत झालं. काय पडलंय यावर झालं नाही. पाल, उंदीर आणि औषधाची बाटली, अशी तीन मतं पुढे आली.

भट्टीवालीने हातपाय धुतले. नखांतली माती काही निघाली नाही. ती कधीच निघत नसे. तशीच ती शाळेत गेली.

शाळा म्हणजे एक लांब खोली, एक फळा, आणि सगळ्या वर्गांना मिळून एकच बाई. बाई तिच्याच वयाच्या, आवाज बसलेला, हाताला खडूची भुकटी. त्यांनी खुणेनेच तिला मागे बसायला सांगितलं. मागे आधीच एक परकी बाई बसली होती. मांडीवर कागद, हातात घड्याळ. डॉक्टरीण नाडी बघताना धरते तसं ते घड्याळ तिने धरलं होतं, पण नाडी कुणाचीच धरली नव्हती. भट्टीवाली तिच्यापासून हातभर दूर बसली, कपड्याची माती लागायला नको म्हणून.

बाईंनी मुलांना विचारलं, "ओलं कापड सावलीत टाकलं तरी वाळतं. ऊन नाही, विस्तव नाही. मग त्यातलं पाणी जातं कुठे?"

आणि टेबलावरचा पेला उचलून एक घोट घेतला.

खोली गप्प झाली. भट्टीवालीच्या घरात असं गप्प झालं, की त्यानंतर काहीतरी आपटायचं. दुकानदाराच्या मुलाने हात वर केला होता, कोपरापासून हलवत होता. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, पण त्याला विचारलं नाही. घोट अजून गालातच होता. पोरं वर आढ्याकडे बघत होती, खाली बोटांकडे बघत होती, एकजण कान खाजवत होता. आणि भट्टीवालीला दिसलं की मुकी ओठ हलवतेय, विटांशी बोलताना हलवते तशीच.

बाईंनी घोट गिळला. मुकीकडे वळल्या. मुकीनेही काहीतरी गिळलं.

"वाऱ्यात जातं," ती म्हणाली. सगळे अजून गप्पच. बाईही गप्प. मग मुकी पुढे बोलली, "आमच्या विटा ओल्या असल्या ना, की संध्याकाळी त्यांच्यावरून येतो तो वारा गार लागतो. वाळल्या की नाही लागत. म्हणजे पाणी तोच नेतो."

लेकीच्या तोंडून इतकं लांब वाक्य भट्टीवालीने कधी ऐकलं नव्हतं. ते वाक्य कुठे होतं इतके दिवस? तिच्याच घरात, तिच्याच अंगणात असणार.

तेवढ्यात शिवणकामवालीची मुलगी म्हणाली, "बाई, मग वाऱ्यातही पाणी मावेनासं झालं तर?" बाईंनी पेला पुन्हा उचलला.

मधल्या सुट्टीत मुलं बाहेर पळाली आणि भट्टीवाली पुढे गेली. आधी तिने पाण्याचंच काढलं. टाकीत काय पडलंय ते विचारलं, घरोघरी काय चाललंय ते सांगितलं, आणि मुकीच्या गालाचंही सांगितलं. बाई ऐकता ऐकता खाली बसल्या. घड्याळवालीने लिहायचं थांबवलं.

टाकीत काही नव्हतं. पाणी ही बाईंचीच युक्ती होती. घड्याळवाली शाळाशाळांतून बसून शिकवण्याचा अभ्यास करायची. असा अभ्यास करणारे पुष्कळजण आहेत, आणि त्यांनी खूप ठिकाणी एक गोष्ट पाहिली होती. शिक्षक प्रश्न विचारतात आणि पापणी लवायच्या आत स्वतःच उत्तर देतात, नाहीतर दुसऱ्याला विचारतात. तेच जरा थांबलं, तर एरवी न बोलणारी मुलं बोलतात, उत्तरं लांबतात, आणि मुलं उलट प्रश्न विचारायला लागतात. उत्तर आल्यावरही जरा थांबलं, तर त्याच मुलाकडून आणखी काही येतं.

भट्टीवालीने हे सगळं ऐकून घेतलं. मग राहवलं नाही म्हणून म्हणाली, "एवढं शिकून सवरून एवढंच सापडलं? थांबा म्हणून?"

घड्याळवाली हसली. "एवढंच. आणि तेही दर वेळी लागू पडतं असं नाही. आज वार कोणता, हे विचारून कितीही थांबलं तरी वार बदलत नाही. प्रश्नच विचार करायला लावणारा नसेल, तर नुसतं थांबून काय होणार?"

"बोलायला सोपं आहे हो," बाई म्हणाल्या. "मला जमेचना. तोंड आपोआप उघडायचं. म्हणून पाण्याने बंद केलं. या अभ्यासापायी दिवसातून दहा वेळा मागच्या दाराने जावं लागतंय मला."

पोरांनी मात्र त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता. उत्तर द्यायचं म्हणजे आधी पाणी प्यायचं, हा शाळेचा नियम झालाय, असं त्यांना वाटलं होतं. घड्याळवालीच्या कागदांत हे कुठेच नव्हतं. तिने ते आता लिहून घेतलं, आणि लिहिताना तिचा चेहरा काही फार आनंदी नव्हता.

मग बाईंनी आणखी एक सांगितलं. घड्याळवालीने आधी त्यांचाच तास ध्वनिमुद्रित करून त्यांनाच ऐकवला होता. "दुकानदाराच्या मुलाला विचारलं की मी थांबत होते," बाई म्हणाल्या. "त्याला येणार हे माहीत असायचं ना. तुमच्या मुलीपाशी थांबतच नव्हते. तिला सगळ्यांसमोर मान खाली घालायला नको, म्हणून झटकन पुढे जायचे. वाटायचं, मी तिला सांभाळून घेतेय."

घरात धाकटा बोबडं काही म्हणू लागला की काय होतं, ते भट्टीवालीला आठवलं. नवरा साचा हातात तसाच धरून उभा राहायचा, सासू घास थांबवायची, ती स्वतः चुलीपाशी वाकलेली थांबायची. सगळं घर त्याच्या तोंडाकडे बघायचं, आणि खूप वेळाने तो "काऊ" म्हणाला की सगळ्यांना धन्य वाटायचं.

"तुम्ही कशाला आला होतात, ताई?" बाईंनी विचारलं.

"नाव काढायला."

"का?"

उत्तर तयार होतं. नवऱ्याने ते घडवून, वाळवून हातात दिलं होतं: तिच्या डोक्यात काही जात नाही. पण बाई आता बोलत नव्हत्या, आणि पेला टेबलावरच होता. भट्टीवाली नखातली माती उकरत उभी राहिली. आत्ताच ऐकलेल्या त्या गार वाऱ्याच्या उत्तरावर हे वाक्य ठेवायला तिची जीभ वळेना.

"उद्या येते," ती म्हणाली, आणि निघाली.

त्या संध्याकाळी तिने करून बघितलं. विटा उलटणाऱ्या मुकीला विचारलं, "दमलीस का गं?" आणि लगेच स्वतःच म्हणाली, "दमली असशील." म्हणून झाल्यावर जीभ चावली. पुन्हा विचारलं, शाळेत जेवताना कुणाबरोबर बसतेस? या वेळी तोंड मिटलं, पण मिटून ठेवता येईना. ओल्या गाऱ्यात हात असताना पेला कोण धरणार? मग तिने ठरवलं, एक वीट उचलून रांगेत मांडेपर्यंत बोलायचं नाही. उचलली, नेली, मांडली. वळून बघते तर मुकी तोंड उघडून आईची वाट बघत उभी.

"एकटी," मुकी म्हणाली.

भट्टीवालीने आणखी एक वीट नेऊन मांडली.

"आधी काकाच्या पोरींबरोबर बसायचे. त्या गेल्या."

हे ऐकायला कुणी थांबलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढग आले ते खोटे नव्हते. वारा आधी आला, मग पहिले टपोरे थेंब. नवरा, बायको, मुकी आणि धाकट्याला खाली ठेवून सासूसुद्धा, सगळेच धावले. ताडपत्रीचा एक कोपरा वाऱ्याने उडाला, तो धरून सासू कडेच्या ओल्या विटेवर चक्क बसली आणि सर जाईतो बसून राहिली. सर लहानशीच होती. ओढ्याकडच्या दोन रांगा विरघळल्या, बाकीच्या वाचल्या. सगळे घरात आले तेव्हा कुणाच्या अंगावर कोरडा धागा नव्हता. सासूच्या कपड्याला मागून विटेचा चौकोनी ठसा उमटला होता. तो बघून धाकटा हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

नवरा उंबऱ्यावर बसला. ओढ्याकडे बघत म्हणाला, "नाव काढून आलीस का?"

"नाही," भट्टीवाली म्हणाली.

त्याने मान वळवली. आधी तिच्याकडे, मग मुकीकडे. "उद्या पुन्हा असाच पाऊस आला तर शाळा येणारे का ताडपत्री धरायला? काय येतं गं तुला त्या शाळेत? सांग. काय येतं?"

मुकीने माठाकडे बघितलं, आणि जागची हलली नाही. तिचा एक हात आपोआप गालाकडे गेला.

भट्टीवाली उठली. पेला काठोकाठ भरला आणि नवऱ्याच्या पुढ्यात धरला. "आधी पाणी प्या. घसा बसलाय तुमचा ओरडून."

घसा खरंच बसला होता. त्याने पेला घेतला आणि तोंडाला लावला. आता त्याचं तोंडही गुंतलं होतं आणि हातही. मुकीने आधी तो हात पाहिला. मग ओठ हलवले, मग आवाज आला.

"बाबा, मला घरी कशाला ठेवताय? मला येत नाही म्हणून, का विटा उलटायला कोणी नाही म्हणून?"

सासूने "अगं" म्हणायला तोंड उघडलं. भट्टीवालीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाहेर ताडपत्रीवरून पाणी ओघळत होतं. नवऱ्याने पेला खाली घेतला, बोलणार असं वाटलं, पण पुन्हा तोंडाला लावला. पेला तेव्हा रिकामा होता. भट्टीवालीला तळ दिसत होता. तरी तो पीत राहिला.

कुणी काही बोललं नाही. बोलायचं नाही, हे त्या घराला नवीन होतं. धाकट्यालाही ते कळलं असावं, कारण तोही गप्प राहून बापाच्या तोंडाकडे बघायला लागला.

"विटा उलटायला कोणी नाही," नवरा शेवटी म्हणाला.

एवढं म्हणून त्याने पेला उंबऱ्यावर ठेवला. झालं असं सगळ्यांना वाटलं. मुकी मात्र तशीच उभी होती, त्याच्याकडे बघत. न हलता, न विचारता.

"तो गेला ना," तो म्हणाला. आवाज अजून बसलेलाच होता. "दोघं होतो तेव्हा होत होतं. तो गेला."

फावड्यांचं नाव त्याने काढलं नाही.

भट्टीवालीला वाटलं, आता आपण काहीतरी म्हणावं, समजूत घालावी, निदान कोरडा कपडा द्यावा. तिने मनातल्या मनात एक वीट उचलली आणि नेऊन मांडली. मग दुसरी.

"उजाडायच्या आत उठायचं उद्या सगळ्यांनी," तो ओढ्याकडे बघत म्हणाला. "हिच्या शाळेच्या आधी अर्ध्या रांगा उलटून होतात का बघू. उरलेल्या उलटतो मी. बोटं उमटली तर उमटली."

मुकीने लगेच मान हलवली नाही. त्याचं आणखी काही राहिलंय का, ते ती बघत होती.